कळव्याच्या अंड्याचं प्रकरण

आठवीतला एक मुलगा दप्तर एका खांद्यावर टाकून आणि हातात भाजीची पिशवी घेऊन प्रयोगशाळेत आला. पिशवीचे बंद रुतून बोटं पांढरी पडली होती. आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक गोल, तपकिरी गोटा होता, शहाळ्यापेक्षा जरा लहान. एका बाजूचा पापुद्रा सुटलेला, त्याखाली आणखी एक पापुद्रा.

"सर, डायनासोरचं अंडं. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याला सापडलं."

मी या शाळेतून निवृत्त झालो त्याला चार वर्षं झाली, पण विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत अजून बोलावणं येतं. शाळा ठाण्याजवळच्या कळव्यातली, मराठी माध्यमाची. प्रदर्शनाला महिना होता. त्या महिन्यात काय काय झालं ते लिहून ठेवतोय, कारण त्यात मुलांच्या चुका आहेत तशी माझीही एक आहे, आणि ती त्या गोट्याहून जड आहे.

आधी तक्ता

गोटा यायच्या आधीच त्या मुलाचा प्रदर्शनाचा तक्ता तयार होता. त्यावर शेपूट फरफटत चाललेला हिरवा टी-रेक्स, त्याच्या डोक्यावर उडणारे 'डायनासोर', तळ्यात पोहणारे 'डायनासोर', शेजारी पाठीवर तबकड्यांची रांग असलेला स्टेगोसॉरस, आणि आकाशातून येणारा आगीचा गोळा. खाली स्केचपेनने: 'डायनासोर हे थंड रक्ताचे महाकाय सरडे होते. त्यांचा मेंदू अक्रोडाएवढा होता. मंद व आळशी असल्याने ते टिकले नाहीत. एक उल्का पडली व एका दिवसात सर्व मेले. त्यांच्या शरीरापासून पेट्रोल तयार झाले.'

एवढ्याशा जागेत इतके गैरसमज बसवणं हेही कसबच. पण यातली एकही ओळ त्याच्या मनची नव्हती. 'थंड रक्ताचे सरपटणारे प्राणी' हे तर मीच फळ्यावर कैक वर्षं लिहीत आलो होतो. 'डायनासोर' हा शब्दच मुळी 'भयंकर सरडा' या अर्थाने रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली घडवला. नावातच सरडा असल्यावर मुलाला काय बोलणार?

पेट्रोलचं मात्र लगेच मिटवलं. खनिज तेल बहुतांशी समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून बनतं. आपल्या उरणला मुंबई हायचं जे तेल येतं, ते तर डायनासोर संपल्यानंतर साचलेल्या थरांतलं. स्कूटरच्या टाकीत टी-रेक्स नसतो हे ऐकून मुलाचा चेहरा जरा पडला.

गोट्याचं तसं झटपट मिटणारं नव्हतं. एक तर घरी आजीने त्याला हळदकुंकू वाहून तुळशीपाशी ठेवला होता, तिथून तो शाळेत आला होता. दुसरं म्हणजे 'हे अंडं नाही' असं मी पहिल्याच मिनिटाला म्हणालो असतो, तर त्याने माझं ऐकलं असतं आणि मोबाइलवरचं खरं मानलं असतं.

आजीचं मला काही वावगं वाटलं नाही. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पाडल्या नावाचं गाव आहे. तिथले लोक शेतात सापडणारे गोल दगड पिढ्यान्‌पिढ्या 'काकर भैरव' म्हणून पुजत आले. शेताचं आणि गुरांचं रक्षण करणारा देव. २०२३ साली तिथे गेलेल्या शास्त्रज्ञांनी ते दगड डायनासोरची अंडी असल्याचं सांगितलं आणि बातमी सगळीकडे झाली. तिथे देव अंडं निघाला, कळव्यात अंडं काय निघतंय ते पाहायचं होतं.

आम्लाने केलेली फसगत

जीवाश्म अंड्याचं कवच कॅल्साइटचं असतं, म्हणजे चुनखडीच्याच घराण्यातलं. त्यावर सौम्य आम्ल टाकलं की बुडबुडे येतात. बेसॉल्टवर, आपल्या काळ्या कातळावर, येत नाहीत. ही चाचणी मीच सुचवली आणि थोडा ऐटीतच होतो. ड्रॉपरने थेंब टाकले. काही नाही. मग मुलाने एक थेंब पापुद्र्याच्या फटीत सोडला आणि तिथे फसफसून बुडबुडे आले.

वर्गात टाळ्या. मी गप्प.

कारण पुढे कळण्यासारखंच होतं. बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे त्या पोकळ्यांतून आणि भेगांतून पाणी झिरपतं आणि गारगोटी, झिओलाइट, कॅल्साइट असली पांढरी खनिजं जमा करतं. घाटात दरडीपाशी जे चमचमणारे खडे मुलं गोळा करतात, ते हेच. फटीत कॅल्साइटची एक बारीक रेघ होती. आम्ल खरंच बोललं होतं, आम्ही प्रश्न चुकीचा विचारला होता.

मग वजन. रद्दीवाल्याच्या काट्यावर गोटा सात किलोच्या थोडा वर भरला. काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवून सांडलेलं पाणी मोजलं, अडीच लिटरच्या आसपास. घनता साधारण २.८. बेसॉल्टला शोभणारी, पण चुनखडीही २.७ च्या घरात असते, तेव्हा यावरून निकाल लागत नव्हता. मुलांनी वहीत 'सिद्ध झाले नाही' असं लिहिलं. माझ्या अख्ख्या नोकरीत मुलांनी हे शब्द आपणहून लिहिलेले मी फार वेळा पाहिले नाहीत.

निकाल लागला तो मुलाच्या वडिलांमुळे. ते पोकलेन चालवतात. मुलाला न्यायला आले होते, टेबलावरचा गोटा पाहून हसले.

"सर, असले गोटे मुरमात रोज निघतात. वरचा मुरूम भुसभुशीत, बकेट आरामात जाते, आणि मधेच गाभ्याला लागली की ठण्ण आवाज. आम्ही बाजूला लोटतो."

"मग याला सांगितलं का नाहीत?"

"मला विचारलं कुठे त्यानं?"

दुसऱ्या रविवारी त्यांनीच आम्हाला साइटच्या कडेला उभं करून कापलेली भिंत दाखवली. खाली काळे, चौकटीत भेगाळलेले ठोकळे. वर जावं तसे त्यांचे कोपरे बोथट होत गेलेले, आणि सगळ्यात वर पिवळट मुरमात रुतलेले अगदी गोल गोटे, प्रत्येकाभोवती कांद्यासारख्या पाकळ्या. लाव्हा थंड होऊन आकसताना भेगा पडतात, भेगांत पाणी शिरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूला पाणी एकीकडून लागतं, कोपऱ्याला तीन बाजूंनी. म्हणून कोपरा आधी कुजतो आणि ठोकळा गोल होत जातो. एका भिंतीत ठोकळ्यापासून गोट्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या ओळीने दिसत होत्या. मुलगा पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "अंड्याला एकच कवच असतं ना, सर? याला तर चार आहेत."

झालं. यानंतर मला काही सांगावं लागलं नाही.

खरी अंडी

आता खऱ्या अंड्यांचं बोलायला मोकळे झालो, आणि तक्त्याचा पाया तिथेच सुटला.

भारतात डायनासोरची अंडी मिळतात ती मुख्यतः लॅमेटा नावाच्या थरांत, गुजरातेत बालासिनोरजवळ, मध्य प्रदेशात धार-बाघ भागात, जबलपूरला. हे थर बहुतेक ठिकाणी लाव्हाच्या खाली आहेत. २०२३ साली धार भागातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही टायटनोसॉर गटाची अंडी, म्हणजे लांब मानेच्या, चार पायांवर चालणाऱ्या शाकाहारींची. व्यास १५ ते १७ सेंटिमीटर. टी-रेक्सचा इथे संबंधच नाही, तो उत्तर अमेरिकेतला.

"एवढंसं?" मुलांना पटेना. हत्तीला मागे टाकणारं जनावर, आणि अंडं आमच्या गोट्याएवढं?

पण अंडं हवं तेवढं मोठं करता येत नाही. आतल्या पिल्लाला कवचाच्या छिद्रांतून श्वास घ्यायचा असतो. अंडं वाढलं की फुटू नये म्हणून कवच जाड लागतं. कवच जाड झालं की हवा आत जायला त्रास आणि पिल्लाला फोडून बाहेर यायलाही. म्हणून आई कितीही अवाढव्य असली तरी अंडी आटोपशीर. मग त्या पिल्लाला टनावारी वजनापर्यंत पोचायचं तर भराभर वाढायला हवं. हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की ही वाढ दिसते: रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं, घाईने बांधलेलं हाड. थंड रक्ताच्या संथ सरड्याचं हाड असं नसतं.

मी इथे फळ्यावरचं जुनं वाक्य खोडून 'सगळे डायनासोर उष्ण रक्ताचे' असं लिहायला निघालो होतो, वेळेवर थांबलो. २०२२ साली हाडांतल्या रेणूंवरून चयापचयाचा वेग काढणारा एक अभ्यास आला. लांब मानेवाले आणि मांसभक्षक यांचा वेग चढा होता, पण स्टेगोसॉरस आणि ट्रायसेराटॉप्सचा बराच कमी. एका ओळीत सगळ्यांना कोंबायची खोड मुलांची तशी मास्तरांचीही.

स्टेगोसॉरसचा मेंदू लहान होता हे खरं. त्यावरून सगळा वंश बुद्दू ठरवणं म्हणजे कासवावरून मांजराची परीक्षा. शिवाय स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स एका तक्त्यावर उभे असले तरी त्यांच्यात आठ कोटी वर्षांचं अंतर आहे. टी-रेक्स त्याच्यापेक्षा आपल्याला जवळचा. हे ऐकून मागच्या बाकावरची मुलंही सावरून बसली. उडणारे आणि पोहणारे वेगळ्या गटांतले, ते तक्त्यावरून कापून काढले. शेपूटही उचलली, कारण दगडांत उमटलेल्या पावलांच्या ओळींमध्ये शेपटीची फरफट क्वचितच दिसते. पाय सरड्यासारखे बाजूला फाकलेले नव्हते, शरीराखाली खांबासारखे होते.

आणि सरडा? आज जिवंत असलेल्यांत त्यांच्या सगळ्यात जवळचे म्हणजे पक्षी. जवळचे तरी कशाला, पक्षी हे डायनासोरच आहेत, वाचलेली एक फांदी. १९९६ साली चीनमध्ये सिनोसॉरोप्टेरिक्स हा पिसांसारख्या तंतूंनी झाकलेला डायनासोर उजेडात आला, तिथपासून हे चित्र पक्कं होत गेलं. धारच्या भागातलंच आणखी एक अंडं २०२२ साली गाजलं: अंड्याच्या आत अंडं. असा प्रकार तोवर पक्ष्यांत माहीत होता.

मुलांना सगळ्यात भावली ती ओव्हिरॅप्टरची कथा. मंगोलियात अंड्यांवर पडलेला एक सांगाडा मिळाला. लोकांनी समजूत करून घेतली की हा चोर, आणि १९२४ साली त्याचं नावच 'अंडीचोर' ठेवलं. १९९३ साली तशाच अंड्यातलं पिल्लू सापडलं, तर ते त्याच्याच कुळातलं. बिचारा आपली अंडी सांभाळत मेला असावा, आणि पुढे सत्तर वर्षं चोर म्हणवून घेत होता. नियमाप्रमाणे नाव बदलत नाही. "मानहानीचा दावा लावायला पाहिजे," एक मुलगी म्हणाली. भारतातले टायटनोसॉर मात्र अंड्यांवर बसत नसावेत. घरटी इतकी खेटून आहेत की त्या देहाला मधून वावरायलाही जागा नव्हती.

आपल्या राज्याचंही निघालं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरकाळातली दगड झालेली विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश सापडल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं, तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं असंच मानत. शेणावर असं संशोधन होतं म्हटल्यावर प्रयोगशाळेत जो हशा पिकला तो आवरायला मुख्याध्यापिकाबाई दारात आल्या.

माझी चूक

राहिला आगीचा गोळा. इथे मी वाहवलो.

गोटा अंडं नाही हे ठरल्यावर मुलगा उदास होता. त्याला काहीतरी द्यावं म्हणून मी गोटा हातात उंच धरला आणि म्हणालो, "अंडं नसेल, पण हा लाव्हा आहे. दख्खनच्या ज्वालामुखींचा. डायनासोरांना मारणारा हाच. उल्काबिल्का अमेरिकेची गोष्ट, खरा मारेकरी आपल्या पारसिकच्या डोंगरात आहे. गाडीने बोगद्यातून जाता ना, त्याच्या पोटातून जाता."

परिणाम जबरदस्त झाला. दुसऱ्या दिवशी तक्त्यावर आगीचा गोळा खोडून सह्याद्री आला होता, धूर ओकणारा, आणि वर लाल अक्षरांत 'मारेकरी आपलाच!'

चार दिवसांनी नववीतली एक मुलगी प्रश्न घेऊन आली. "सर, कच्छमध्ये अंजारला दोन लाव्हांच्या मधल्या थरात डायनासोरचे अवशेष सापडलेत असं वाचलं. पहिल्या लाव्हाने मेले तर दुसऱ्याच्या आधी पुन्हा कुठून आले?"

माझ्याकडे उत्तर होतं, फक्त मी ते त्या दिवशी दिलं नव्हतं. दख्खनचा लाव्हा एका दमात आला नाही. बहुतेक उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत उरकले, पण थांबत थांबत. मधे शेकडो-हजारो वर्षं शांततेची. त्या काळात माती तयार व्हायची, तळी साठायची, झाडं यायची. घाटात काळ्या थरांच्या मधे लाल पट्टे दिसतात, त्यांतले कित्येक म्हणजे तशा जुन्या जमिनी. डायनासोर या ज्वालामुखींच्या शेजारी नांदत होते.

उल्का 'अमेरिकेची गोष्ट' म्हणून उडवण्यासारखी नव्हतीच. १९८० साली लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या गुब्बिओच्या मातीच्या एका पातळ थरात इरिडियम नको तितकं भरल्याचं दाखवलं. हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, अवकाशातल्या दगडांत भरपूर. पुढे १९९१ साली मेक्सिकोतल्या चिक्शुलूबचं गाडलं गेलेलं विवर त्याच आघाताचं म्हणून ओळखलं गेलं, सुमारे १८० किलोमीटर रुंद. आघात ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, दगड दहाएक किलोमीटरचा. तो पडला ती जागाही वाईट, तिथल्या खडकांत गंधकाची संयुगं भरलेली. गंधक, धूळ आणि काजळी वर गेली, सूर्यप्रकाश अडला, वनस्पतींचं अन्न करणं थांबलं. म्हणजे 'एका दिवसात' हेही चूक. विवराच्या आसपासचे त्या दिवशी गेले, जगभरचे अंधारात, थंडीत, उपासमारीने. सजीवांच्या सुमारे तीन चतुर्थांश जाती संपल्या. डायनासोर तेवढे नालायक होते म्हणून गेले असं नाही, समुद्रातले अमोनाइट नावाचे शंखवाले जीवही गेले. सोळा कोटी वर्षांहून अधिक काळ टिकलेल्यांना 'टिकले नाहीत' म्हणणारे आपण, तीन लाख वर्षांचे!

मग दख्खनचा वाटा किती? यावर भांडण आहे. लाव्हा आघाताच्या आधी सुरू झाला आणि नंतरही चालू राहिला, इतकं नक्की. २०१९ साली दोन गटांनी एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात उद्रेकांचं वेळापत्रक मांडलं, आणि मुख्य भर आघाताच्या आधी की नंतर यावर दोघांचं जमलं नाही. २०२० सालच्या एका संगणकीय अभ्यासाने म्हटलं की डायनासोरांना राहायला जागा उरू नये अशी स्थिती आघाताच्या हिवाळ्याने येते, ज्वालामुखीने येत नाही. बहुसंख्य संशोधक मुख्य घाव उल्केचाच मानतात. मलाही तेच पटतं, सह्याद्री आपला असला तरी.

आणि मला खरा चटका बसला तो पुढे. मुंबई परिसरातल्या सगळ्या खडकांचं वय सारखं नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे काही खडक आघातानंतर तीस लाखांहून अधिक वर्षांनी आलेले आहेत. म्हणजे आमच्या गोट्याचं वय मोजल्याशिवाय तो त्या वेळी हजर होता की नव्हता, हेच ठरत नाही. आणि मी त्याला मारेकरी करून मोकळा!

वर्गात जाऊन हे सगळं उलट सांगितलं. मुलांना धक्का बसला नाही, उलट मजा वाटली. ओव्हिरॅप्टरची गोष्ट माझ्याच तोंडून ऐकली होती ना त्यांनी.

नववीच्या मुलीने मग वरळीचे बेडूक शोधून काढले. वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांमधल्या एका तळ्याच्या गाळात, इवल्या बेडकांचे सांगाडे सापडले आणि १८४७ साली त्यांना शास्त्रीय नाव मिळालं. देणारे तेच रिचर्ड ओवेन, 'डायनासोर' शब्दवाले. मुंबईच्या कातळात डायनासोर शोधायचे तर हाती बेडूक लागतो. बेडकांचं कूळ त्या संकटातून तरलं. कासवं, मगरी, साप, उंदराएवढे सस्तन प्राणी आणि थोडे पक्षीही. लहान अंग, कमी भूक, बिळात किंवा पाण्यात आसरा आणि सडक्या पाल्यापाचोळ्यावर चालणारं अन्न, यांनी साथ दिली असावी.

प्रदर्शन

तक्ता तिसऱ्यांदा रंगवला गेला. सह्याद्री राहिला, पण मागे. गोट्यापुढे चिठ्ठी: 'हे अंडं नाही. हा कांद्यासारखा सोलला जाणारा बेसॉल्ट आहे. वय मोजलेले नाही.' वडिलांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि मुरमात गोटे कसे निघतात ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत उभे राहिले. आमच्या कोणापेक्षाही चांगलं सांगत होते. आजी आल्या, गोट्याला नमस्कार केला, मला म्हणाल्या, "मास्तर, झाल्यावर परत द्या हो."

शेजारी मुलाने स्टीलच्या वाटीत कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं कोंबडीचं एक अंडं ठेवलं होतं. चिठ्ठी: 'डायनासोरचं अंडं. खरं.' शाळेत अंडं आणलं म्हणून एका बाईंनी नाक मुरडलं, बाकी गर्दी सगळी त्याच वाटीभोवती. एका गृहस्थांनी फसवणूक आहे म्हणून तक्रार केली, त्यांना मुलाने वीस मिनिटं सोडलं नाही.

संध्याकाळी आवरायला घेतलं तेव्हा गोटा जागेवर होता. वाटी रिकामी होती.